हट्टी माणसं, अडेल जनावरं आणि ढिम्म न हलणाऱ्या वस्तू: खानदेशी किस्से टाका

वाघूरकाठ

मंडळी, आमच्याकडे हट्टी माणसांचं पीक कपाशीपेक्षा बरं येतं, आणि त्याला बोंडअळीही लागत नाही. सुरुवात घरापासून करतो.

आमच्या आप्पांचं घर गल्लीतलं सगळ्यात जुनं. आधी धाब्याचं होतं, मग स्लॅब पडला, पण ओटा तोच राहिला. गल्लीत काँक्रीट झालं. काही वर्षांनी त्याच काँक्रीटवर दुसरं काँक्रीट, मग तिसरं. दर वेळी रस्ता चार-सहा इंच वर आणि ओटा बसल्या जागी खाली. आता जरा जोराची सर आली की रस्त्यावरचं पाणी थेट ओसरीत. आजूबाजूच्या सगळ्यांनी ओटे उचलून घेतले. आप्पा म्हणतात, “रस्ता मले इचारीसन वर उना का?”

मुलानं गवंडी आणला, तर आप्पांनी त्याला चहा पाजला, त्याच्या बापाची ख्यालीखुशाली विचारली आणि परत पाठवला. मृग लागला की दारात आडवी फळी, फटीत चिंध्या, आणि आप्पा पत्र्याचा डबा घेऊन पाणी उपसायला बसतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगतात, चुकला तो रस्ता, ओटा नव्हे. खरी पंचाईत पुढेच आहे, कारण त्यांचं बरोबर आहे. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढायला हवा. कोणी काढत नाही.

तर असे किस्से येऊ द्या. माणसं, जनावरं, वस्तू, काहीही चालेल. हेकट, हेकेखोर, आडमुठा, एककल्ली, अडेलतट्टू ही यादी सगळ्यांना पाठ आहे, ती नको. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, हेही माहीत आहे. कोणाचा सुंभ आणि कसला पीळ, ते सांगा.

गिरणाथडी

वाखुसा (वाचनखूण साठवली). आप्पांना साष्टांग दंडवत.

आमच्या नानांचं ब्रीद: धरलेल्या सशाला तीनच पाय. चौथा समोर धरून दाखवला तर म्हणतील, तो दुसऱ्या सशाचा.

केळीबागेतली

बालहट्ट कसा विसरलात? आम्ही यावलकडचे. दारात ट्रॅक्टर भरून घड उभे असतात. धाकट्याला केळं सोलून दिलं, ते हातात देता देता मधोमध तुटलं. “जोडून दे.” दुसरं दिलं, भिरकावलं. तेच हवं, पण अख्खं.

सासूबाईंनी युक्ती केली. दोन्ही तुकडे सालात बसवले, साल वरून नीट मिटलं आणि त्याच्या हातात दिलं. गड्यानं साल उघडून तपासणी केली, सांधा सापडला, पुन्हा भोकाड. सासरे बागेतून आले, म्हणाले, “बाहेर गाडीभर माल पडेल आहे अन् हा एका केळावर अडला?” तेवढ्यावर न थांबता त्यांनी ते तुटलेलं केळं खाऊन टाकलं. मग जे काही झालं ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. रडून रडून झोपला. उठल्यावर पहिला प्रश्न: “जोडलं का?”

डॉक्टर गोठा

माणसांचं तुम्ही बघा. जनावरांना मात्र हट्टी म्हणू नका, एवढी विनंती आहे. शहादा-तळोदा भागात गोठ्यांतून फिरतो, रोज कोणीतरी सांगतं, “डॉक्टर, हे जनावर फार हेकट.” तपासलं की निम्म्या वेळा हेका मालकाचा निघतो.

गाढव घ्या. घोडा घाबरला की पळतो. सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या गर्दीत एखादा फटाका वाजू दे, मग बघा. गाढव घाबरलं की उभं राहतं. त्याचे पूर्वज आफ्रिकेतल्या कोरड्या, दगडगोट्यांच्या मुलखातले. तिथे आंधळेपणानं पळणं म्हणजे पाय मोडून घेणं. म्हणून आधी थांबायचं, बघायचं, मग ठरवायचं. ओला फरशीपूल, रस्त्यावर आडवी पडलेली सावली, काहीही पुरतं. मागून जेवढं ढकलाल तेवढे ते पुढचे पाय रोवेल. दोर सैल सोडा, वास घेऊ द्या. ओळखीचं दुसरं गाढव पुढे घातलं तर बहुतेक वेळा हे मुकाट मागे येतं.

जुवाखाली बसणारा बैल. एकदा ‘बशा’ म्हणून नाव पडलं की बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पण पराणी टोचण्याआधी जू उचलून खांदा किती जण बघतात? सूज असते, कातडं सोललेलं असतं, कधी खुरात काटा असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदे शेकतो, हळद-तूप लावतो. बाकी वर्षाचं काय? आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास. बैलाला माणसासारखा भरभरून घाम येत नाही, अंगातली उष्णता तो धापा टाकून काढतो. तोंडाला फेस येऊन जो बसला, त्याला हट्टी म्हणायचं की शहाणा?

आता म्हैस. पान्हा चोरते म्हणतात ती. गाईच्या कासेत खालच्या पोकळीत बरंच दूध आधीच उतरलेलं असतं, म्हशीच्या कासेत अगदी थोडं. बाकी सगळं वर बारीक पिशव्यांमध्ये अडकलेलं. ते खाली यायला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात यावं लागतं. पारडू लुचलं, ओळखीच्या हातानं कास धुतली, बादली वाजली, की ते येतं. कुत्रं भुंकलं, नवा माणूस बसला, कोणी काठी उगारली, की भीतीचं संप्रेरक त्याला अडवतं. मग तुम्ही तासभर सड ओढा. ती देत नाही असं नाही, तिला देता येत नाही.

यावर उपाय म्हणून इंजेक्शन टोचणारे महाभाग आहेत. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणाऱ्या अशा टोचण्यांना बंदी आहे, हेही सांगून ठेवतो.

तिफण

डॉक्टरसाहेब, विद्वत्ता मान्य. पण आमचा ढवळ्या तुम्ही पाहिला नाही.

वखराच्या पाळीला ढवळ्या-पवळ्याची जोडी. निंबाच्या झाडाखाली आमची न्याहारी यायची. आई पाटी डोक्यावर घेऊन बांधावर दिसली की ढवळ्या चालत्या तासात थांबायचा. तास पुरा करून वळणं वगैरे काही नाही. खांदा चांगला, खुर चांगले, ऊन कोवळं. नुसता उभा. वडील ओरडायचे, “चालस का नही रे?” तो कान हलवायचा. पवळ्या बिचारा ओढून ओढून वखर तिरका करायचा. आईनं भाकरीचा तुकडा दिला की ढवळ्या झाडापर्यंत स्वतः चालत जायचा आणि सावलीत उभा राहायचा.

याचं संप्रेरक कोणतं ते सांगा.

आणि दुसरं. तो कायम उजवीकडे जुंपलेला. एकदा पवळ्याचा पाय दुखावला म्हणून शेजाऱ्याचा बैल आणला, तोही उजवीकडचाच. ढवळ्याला डावीकडे घेतला. जू मानेवर ठेवलं रे ठेवलं की मान खाली घालून बाहेर. शेवटी दिवस वाया गेला, पाळी राहिली.

डॉक्टर गोठा

तिफण, भाकरी दिल्यावर जागचा हलतो, हे तुमच्या आईनं शिकवलं आणि तो शिकला. डावी-उजवी बाजू हीही शिकवणच, लहानपणापासून ज्या बाजूला चालला तीच त्याची. दोन्ही बाजूंना अधूनमधून जुंपून मोडतात ती सवय, पण कोवळेपणी. माझं म्हणणं कायम आहे.

गिरणाथडी

डॉक्टर, तुमचाही ससा तीन पायांचाच दिसतो.

पाना नंबर चौदा

भुसावळला गॅरेज आहे. वस्तूंच्या हट्टावर माझ्याइतका अधिकार कोणाचा नसावा.

जाम झालेला नट. गिऱ्हाईक स्वतः आधी तासभर झटतं, कडा झिजवून गोल करतं आणि मग आपल्याकडे आणतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आट्यांमध्ये फुगून बसतो. ताकदीचं काम नाही. रात्रभर डिझेल किंवा रॉकेल मुरू द्यायचं. सकाळी हातोडीनं चहूबाजूंनी हलके ठोके. मग आधी किंचित आवळायचा. हो, आवळायचा. गंजाची पकड तिथे मोडते, त्यानंतर सोडवायचा. तरीही नाही तर नटाला आच द्यायची, बोल्टला नाही. नट तापून फुगतो, आतला बोल्ट अजून थंड असतो, तेवढ्यात पाना फिरवायचा. पेट्रोलच्या टाकीजवळ हा प्रयोग करू नये, हे सांगावं लागतं, कारण करणारे आहेत.

पण खरी गंमत सायकलच्या डाव्या पायडलची. पोरगं येतं, घामाघूम. “काका, निघतच नही.” पान्याला पाइप लावून दोघं जण लटकलेले असतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात रे बाबा. सगळं जग डावीकडे फिरवून सुटतं, ते उजवीकडे फिरवून सुटतं. चालवताना आपोआप सैल होऊ नये म्हणून तसं बनवलंय. तू तासभर सोडवत नव्हतास, आवळत होतास. वेल्डिंगवाल्याच्या ॲसिटिलीनच्या नळकांड्यालाही उलटेच आटे, म्हणजे ऑक्सिजनची नळी चुकून त्यावर बसू नये.

एका गिऱ्हाइकाला हे समजावून सांगितलं, स्वतः उजवीकडे फिरवून काढून दाखवलं. तो म्हणतो, “हा पाना वेगळा आहे.”

चोपडेकर

हाहाहा, “हा पाना वेगळा आहे.” आमच्या घरी हे वाक्य आजपासून लागू.

पाना दादा, विहिरीवरच्या मोटरीचं सांगा की. मार्चपर्यंत झकास चालते आणि नंतर रुसते. फूटव्हॉल्व्ह नवा टाकला, ग्लँड बदलला, पाइपात पाणी भरून भरून हात दुखले. घुमते नुसती, पाणी नाही. वायरमन म्हणतो व्होल्टेज, मोटरवाला म्हणतो बेअरिंग.

पाना नंबर चौदा

मोटर विहिरीच्या काठावर आहे ना? आणि पाणी किती खाली गेलंय?

वर बसलेली मोटर पाणी ओढत नसते. ती पाइपातला दाब कमी करते आणि विहिरीतल्या पाण्यावर जो हवेचा दाब आहे तो पाणी वर ढकलतो. हा दाब कागदावर १० मीटरच्या थोडं वर पाणी चढवू शकतो, प्रत्यक्षात ७-८ मीटर, म्हणजे साधारण पंचवीस फूट. पाणी त्याखाली गेलं की मोटर सोन्याची आणली तरी नाही. ती विहिरीत खाली उतरवून टप्प्यावर बसवा नाहीतर पाणबुडी मोटर टाका. पूर्वी लोक सरळ उतरवायचे, जुन्या विहिरींत ते चौथरे अजून दिसतात.

चोपडेकर

सहा-सात वर्षं हेच ऐकत होतो की मोटर हट्टी आहे. धन्यवाद दादा. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “गेल्या साली चालत होती ना?”

तिफण

जमीन राहिली. काळ्या मातीएवढं हेकट काही नाही. पाऊस पडला की पायाला, वखराच्या पासेला, ट्रॅक्टरच्या चाकाला अशी चिकटते की पाच पावलांत एकेक चप्पल दोन किलोची. वाळली की दगडासारखी ढेकळं, आणि उन्हाळ्यात अशा भेगा की लहान पोराचा पाय गुडघ्यापर्यंत जावा. दोन्हीच्या मध्ये वाफसा येतो, तो दोन-चार दिवस. तेवढ्यात वखरा, पेरा, काय करायचं ते करा. तिच्या वेळेला तुम्ही हजर राहायचं, तुमच्या वेळेला ती येणार नाही. मातीत चिकणमातीचा भाग फार, ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते, हे शाळेत शिकलो. वाफसा कधी आला हे मात्र वडील मूठभर माती दाबून, लाडू फुटतो कसा ते बघून सांगतात, आणि त्यांच्याशी वाद घालून कधी कोणाचं भलं झालेलं नाही.

त्या मातीत कुंदा. ज्याच्या शेतात शिरला त्याला विचारा. वरून कापा, फुटतो. नांगरा, मुळांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा उगवतो. आमचे आजोबा उन्हाळ्यात कुदळीनं खणून मुळं वेचून जाळायचे. लव्हाळाही तसाच, खाली गाठींची माळ. वरची पात ओढली की आपण खूष, गाठी खाली हसत असतात.

कपाशीवाला

माणसांवर परत येतो. गुलाबी बोंडअळीनं २०१७ साली राज्यभर कपाशीची काय दैना केली ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हापासून सगळे कानीकपाळी ओरडतात, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा, फरदड (हंगामानंतर पाणी देऊन ठेवलेली कपाशी) घेऊ नका, अळीला वर्षभर खायला मिळतं आणि पुढच्या हंगामात ती तयार असते. गावातल्या बैठकीत सगळे माना डोलावतात. जानेवारीत शिवारात चक्कर मारा, पाणी दिलेली फरदड हिरवीगार.

पण याला नुसता हेकेखोरपणा म्हणवत नाही. पहिल्या वेचणीला भाव पडलेला, पुढे चढेल ही आशा, विहिरीत पाणी आहे, आणि आपण उपटली तरी बांधापलीकडचा ठेवणारच आहे. तो ठेवणार म्हणून मी ठेवतो, मी ठेवणार म्हणून तो. दोघांनाही विचारा, दुसरा हट्टी.

पांझरेकाठ

धुळ्याचं नाव या धाग्यात राजवाड्यांशिवाय पुरं होणार नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं गोळा केली. कागदवाले त्यांच्यापेक्षा वरचढ हट्टी. कोणाला वाटायचं हा माणूस इनामाची चौकशी करायला आलाय, कोणाला पूर्वजांचं बिंग फुटायची भीती. माळ्यावर वाळवी खात पडलेलं रुमाल बांधलेलं दप्तर, पण दाखवायचं नाही म्हणजे नाही. त्या नन्नाला पुरून उरणारा माणूसच तिथे हवा होता. इंग्रजीत लिहिलं असतं तर बाहेर मोठं नाव झालं असतं. लिहिणार ते मराठीतच, हा त्यांचा पण, आणि तो त्यांनी पाळला. स्वभाव जहाल, पटलं नाही की संबंध तोडायला वेळ लावायचे नाहीत. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले, आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. ते कागद आजही तिथे आहेत.

असा माणूस घरात असता तर मी घर सोडून पळालो असतो, हेही खरं.

नंदुरबारी

मग अमळनेरचे साने गुरुजीही घ्या. एरवी डोळ्यांत चटकन पाणी येणारा माणूस, पण १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला आणि ते खुलं करायचं कबूल झाल्यावरच उठला. आणि आमचा शिरीषकुमार, ९ सप्टेंबर १९४२, शाळकरी पोर, गोळ्या झेलल्या पण हातातला झेंडा सोडला नाही.

वाघूरकाठ

नंदुरबारी, ही नावं आप्पांच्या ओट्याच्या रांगेत बसवायला माझा हात धजत नाही. स्वतंत्र धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

पुण्यातली खानदेशी

अवांतर करते. भरितात टोमॅटो घालायचा की नाही यावर माझ्या नवऱ्याचं आणि माझ्या आईचं गेली कित्येक वर्षं जमत नाही. तो म्हणतो, थोडा आंबटपणा हवा.

गिरणाथडी

घालायचा नाही.

केळीबागेतली

नाही.

तिफण

नाही. हिरवी-पांढरी भरताची वांगी, काड्यांच्या जाळावर भाजलेली, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचलेली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे. बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी. यात टोमॅटो जायची सोय नाही.

पुण्यातली खानदेशी

मी काही बाजू घेत नाहीये, पण त्याच्या हातचं खाल्लं तर वाईट लागत नाही.

डॉक्टर गोठा

ताई, इथे मीसुद्धा तुमच्या आईच्या बाजूनं. याला संप्रेरकाचं कारण नाही.

कपाशीवाला

डॉक्टर आणि तिफण यांचं एकमत झालं, धागा सार्थकी लागला.

रावेरचा

डॉक्टरसाहेब, एक खरोखरची अडचण. घरची म्हैस फक्त काकूच्या हाताला पान्हा सोडते. काकू माहेरी लग्नाला गेली. काका बसले तर लाथ, मी बसलो तर कास दगड. दोन वेळा दूध राहिलं, आता कास ताणून लाल दिसतेय. काय करावं?

डॉक्टर गोठा

दूध कासेत तुंबू देऊ नका, दगडी (कासेचा दाह) होईल. आजच जवळच्या दवाखान्यात दाखवा. तोवर: काकू ज्या वेळेला बसायच्या त्याच वेळेला बसा, तीच बादली, तीच जागा. आंबोण आधी पुढ्यात टाका. कोमट पाण्यानं कास धुवा, हलक्या हातानं चोळा, पारडू असेल तर आधी लुचू द्या. आजूबाजूला गर्दी, आरडाओरडा नको. आणि काकूंचं रोजचं लुगडं घरात असेल तर खांद्यावर घ्या. म्हैस वासानं ओळखते, हसू नका.

रावेरचा

जमलं! खांद्यावर घेऊन चालेना, तिनं मागे वळून बघितलं आणि पुन्हा लाथ झाडली. मग काकांनी अख्खं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदरही घेतला. खाली बसल्यावर तिनं एकदा हुंगलं आणि चक्क पान्हा सोडला. दवाखान्यातही दाखवून आणलं, सूज उतरतेय.

केळीबागेतली

फोटो! फोटो!

पाना नंबर चौदा

फोटोशिवाय ग्राह्य धरलं जाणार नाही.

रावेरचा

काकांना विचारलं. नाही म्हणाले. काकू परत आल्यावर तिनं विचारलं, तरी नाही. आता तर म्हणतात, मी लुगडं नेसलोच नाही, म्हशीनं आपणहून दूध दिलं.